चार बोटं शेंदूर

दगड वाढत नाही. स्वरूपाला मोजणी शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ही गोष्ट तिच्या डोक्यात पक्की घातली होती. ऊस वाढतो, पोरं वाढतात, पुढाऱ्यांची पोटं वाढतात. दगड जिथं पुरला तिथं, जेवढा होता तेवढाच राहतो. म्हणून तर उंचीची खूण दगडावर करायची. आणि आता डाळजच्या शिवारातला हा एकच दगड साऱ्या जगाच्या विरुद्ध जाऊन चार बोटं वाढलाय, असं तिचं यंत्र सांगत होतं. यंत्रावर रागवावं की दगडावर, हेच तिला कळेना.

काम रेल्वेचं होतं. बारामतीकडून डाळजच्या बाजूला नवा मार्ग यायचा होता आणि त्याची सगळी मोजणी स्वरूपाच्या हाताखाली चालली होती. बाई सांगवीची, जोतीराम नावाच्या ऊसवाल्या शेतकऱ्याची लेक. इंजिनिअर झाली, हिमालयात रेल्वेच्या बोगद्यांवर कित्येक हिवाळे काढले आणि आपल्या मुलखात काम निघालं म्हटल्यावर हट्टानं बदली मागून आली. तिकडं बर्फात बोटं गळायची वेळ आली तरी जिनं यंत्र सोडलं नाही, तिला इथं एका दगडानं घाम फोडला होता.

उंची मोजायची रीत तशी साधी. भिगवण स्टेशनात एक पक्की खूण होती, तिची उंची ठाऊक होती. तिथून निघायचं. तिपाईवर दुर्बिणीचं यंत्र लावायचं, मागच्या खुणेवर उभ्या धरलेल्या पट्टीवरचा आकडा बघायचा, पुढच्या पट्टीवरचा आकडा बघायचा, दोन्ही टिपायचे आणि यंत्र उचलून पुढं सरकायचं. असं मागं-पुढं, मागं-पुढं करत डाळजच्या दगडाशी पोचायचं. त्या दगडाची उंचीही जुन्या मोजणीवाल्यांनी ठरवून ठेवलेली. आपण चालवत आणलेली उंची दगडाच्या उंचीशी जुळली की गंगेत घोडं न्हालं. केसभर फरक चालतो. तो उन्हाचा असतो, वाऱ्याचा असतो, माणसाच्या डोळ्याचा असतो. चार बोटं म्हणजे केस नव्हे, ती अख्खी शेंडी झाली.

पट्टी धरायला सावळाराम होता. पन्नाशीचा, इंदापूरचा, देवभोळा. डाळजचा हा खुणेचा दगड म्हणजे गावाचा म्हसोबा होता, बांधावर बाभळीखाली बसलेला, शेंदरानं डोक्यापासून पायापर्यंत माखलेला. सावळारामनं चपला लांब काढल्या, पट्टीचं बूड आपल्या टॉवेलनं पुसलं, "माफी असावी देवा, सरकारी काम हाय," असं म्हणून पट्टी देवाच्या डोक्यावर अलगद टेकवली. स्वरूपानंही यंत्राला डोळा लावण्याआधी लांबूनच हात जोडले. असले शेंदरी देव तिनं लहानपणापासून बांधाबांधावर बघितले होते. त्यांच्या पाया पडायचं असतं, त्यांना निरखून कोण बघतं?

फरक ऐकून पुष्कर हसला. पुष्कर या टप्प्याचा प्रमुख, पुण्याचा, मेट्रोच्या कामातून आलेला. बारामती एमआयडीसीतल्या एका रिकाम्या गोदामात कंपनीनं ऑफिस थाटलं होतं. बाहेर पाळी सुटली की मोटरसायकलींचा असा लोंढा निघायचा की बोलणं थांबवावं लागायचं. माणूस वाईट नव्हता. त्याला घाई होती, आणि घाईतल्या माणसाला कुणीही काहीही विचारलं की तो खोडा घालतोय असंच वाटतं.

"वाटून टाका फरक," तो म्हणाला. "प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा. सगळेच करतात."

"वाटायला तो प्रसाद नाही, सर. केसभर असता तर वाटला असता. हा चार बोटं आहे."

"मॅडम, मेट्रोत आम्ही भर वस्तीतून, दोन इमारतींच्या फटीतून गर्डर चढवलेत. मला अचूकपणा शिकवू नका. त्या दगडावरून उंची घेऊन माझ्या माणसांनी मोरीच्या तळाची दोरी बांधलीय. परवा सकाळी काँक्रीट घेऊन मिक्सर येतोय. म्हणजे दगड बरोबर आहे."

मोरी म्हणजे रेल्वेच्या भरावाखालून ओढ्याचं पाणी पलीकडं काढून देणारी वाट. डाळजला रान ताटासारखं सपाट. तिथं रुळांसाठी मातीचा भराव घालायचा म्हणजे शिवाराला आडवी भिंतच घालायची, आणि त्या भिंतीला दार एकच, ही मोरी. आता दगडापाठोपाठ त्या दाराचा उंबराही चार बोटं वर चढला तर अलीकडच्या रानातलं पाणी उंबऱ्याशी येऊन उभं राहणार. एकदा काँक्रीट पडलं की तो उंबरा कुणाच्या बापाला खाली करता येणार नाही.

"आणि दगडच खोटा असला तर?" स्वरूपानं विचारलं.

"दगड वाढतो का, मॅडम?"

पुष्करनं वर जोडून दिलं, "तुमची सही नसली तरी काम होतं. मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावीन."

"जरूर बोलवा. तो येईपर्यंत मी पुन्हा मोजते." आणि ती उठून निघून गेली. मोटरसायकलींच्या गर्दीत तिची जीप बराच वेळ अडकून पडली, आणि तिथं बसल्या बसल्या तिला आबा आठवले.

चार बोटं हे माप तिच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. सांगवीत त्यांच्या रानाच्या कडेनं रस्ता उंच केला तेव्हा ती शाळेत होती. रस्त्याखालचा पाइप घालताना आबांनी, म्हणजे जोतीरामांनी, उकिडवं बसून बोटं लावून दाखवली होती. "सायेब, पाइप चार बोटं वर बसतुया." साहेबानं गाडीची काच अर्धीच खाली केली. "काका, चार बोटांनी काय होतंय?" आबांनी हात जोडले आणि बाजूला झाले.

पुढं काय झालं ते साऱ्या सांगवीनं बघितलं. कालव्याचं पाणी येत राहिलं आणि जायला वाट राहिली नाही. रान कधी वाळलंच नाही, आणि काही वर्षांत उसाच्या सरीतून मीठ फुटलं. त्या चोपण जमिनीत आज वेड्या बाभळीशिवाय काही येत नाही. स्वरूपाला साहेबाचा राग आलाच होता, पण त्याहून मोठा राग आला होता आबांच्या जोडलेल्या हातांचा. बाप खरं बोलत होता, मग त्यानं हात का जोडले? तो राग ती हिमालयात घेऊन गेली होती आणि परत येताना तसाच घेऊन आली होती.

हिमालयानं तिला एक गोष्ट शिकवली होती. डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरत आणतात, आणि मोजणी चुकली असेल तर दोन तोंडं मधोमध एकमेकांना चुकतात. मग कुणाला काही सांगावं लागत नाही. डोंगरात चूक लपत नाही. सपाटीवर मात्र ती आरामात लपून बसते, आणि पहिल्या मोठ्या पाण्याला बाहेर येते. तोवर साहेब बदली होऊन गेलेला असतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आणि सावळाराम पुन्हा भिगवणहून निघाले. या वेळी डाळजला पोचून ती थांबली नाही. म्हसोबाजवळ एक लोखंडी खुंटी ठोकून तिची उंची घेतली आणि मोजत मोजत परत भिगवणला आली. निघताना जी उंची होती तीच परत हाती आली, अगदी केसभर इकडंतिकडं. म्हणजे यंत्र खरं, सावळाराम खरा, तिचा डोळा खरा. दगडाशी मात्र पुन्हा तीच चार बोटं, त्याच बाजूला.

"मॅडम, देवाचं काम हाय, सोडा," सावळाराम म्हणाला. "देवाला कशापायी खोटं पाडायचं?"

"मी कुणाला खोटं पाडत न्हाय. मला फक्त कळू दे," असं म्हणून तिनं जीप पुन्हा डाळजकडं वळवली.

त्या दिवशी आवस होती. म्हसोबापाशी एक म्हातारी वाटीत तेल-शेंदूर कालवत बसली होती. ही ठमाबाई. बांधाच्या वरच्या अंगाचं रान तिचं, आणि म्हसोबाची पूजाही तिच्याच घरात चालत आलेली. भराव पडल्यावर अडलेलं पाणी पहिल्यांदा कुणाच्या रानात साचणार असेल तर तिच्याच.

"का गं पोरी, काल काठी टेकवून गेलीस, आज दुसऱ्यांदा आलीस. माझ्या देवानं काय घोडं मारलंय तुझं?"

"आजी, तुमच्या देवाची उंची जुळंना मला. चार बोटं जास्त भरतुया."

म्हातारीचा चेहरा खुलला. "भरंलच की! वाढतुया त्यो. मी लगीन होऊन आले तवा माझ्या गुडघ्याखाली व्हता. आता बघ, गुडघ्याला लागलाय. लई जागृत हाय आमचा म्हसोबा." आणि तिनं वाटीतला शेंदराचा गोळा उचलून देवाच्या डोक्यावर थापला, नीट, मायेनं, पोराच्या टाळूवर तेल थापावं तसा.

स्वरूपा त्या हाताकडं बघतच राहिली. शेंदूर म्हणजे रंग, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. रंगाला जाडी असते हे भल्याभल्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पुष्करच्या माणसांच्या नाही, सावळारामच्या नाही, डोंगर पोखरून आलेल्या तिच्याही नाही. सगळ्यांनी आपली पट्टी शेंदरावर टेकवली होती आणि दगडावर टेकवली असं समजून चालले होते. बाहेरच्या मुलखातला कुणी असता तर त्यानं आधी खरवडून बघितलं असतं. आपल्या माणसाचं तसं नाही. हात जोडले की डोळे मिटतात. तिला स्वतःच्या मूर्खपणाचं हसू आलं.

"आजी," ती म्हणाली, "देवाच्या डोक्यावरचा शेंदूर काढाया लागंल. दगडापातूर."

ठमाबाईनं वाटी खाली ठेवली. "काय म्हनलीस?"

"नवा लावू परत. म्या सवता आणीन. पण हा काढल्याबिगर..."

"हात लावून तर बघ." म्हातारी काठी घेऊन उभी राहिली. "ह्यो शेंदूर हाय व्हय नुसता? पयला हात माझ्या सासूनं लावला. मग म्या. लेक बाळंत झाली तवाचा ह्यात हाय. मालक गेलं त्या आवसंचा हाय. नातू अविराज तापानं फणफणला व्हता, तवा रातभर हितं बसून लावलाय. ह्यात माझा समदा संसार हाय. तुझ्या काठीपायी संसार खरवडू? रेल्वे येऊ दे न्हायतर इमान येऊ दे, माझ्या देवाला हात लावायचा न्हाय."

स्वरूपानं पुष्कळ समजावलं. पाणी, मोरी, सांगवीचं रान, सगळं सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. ठमाबाईला वाटलं, ही पोर देवाला हात लावायला निमित्त शोधते आहे. अंधार पडायच्या आत तिनं स्वरूपाला बांधावरून हाकलून काढलं. स्वरूपानं जीपमधूनच पुष्करला फोन लावला. शेंदराचं कारण ऐकून तो म्हणाला, "सिद्ध करा. नाहीतर सकाळी काँक्रीट पडेल."

सकाळी मिक्सर आला. मोठं पोट गरागरा फिरवत मोरीच्या खड्ड्याशी येऊन उभा राहिला. पुष्कर आला, गवंडी आले. भरावाला मुरूम टाकायला ज्याचे ट्रॅक्टर लावले होते तो सर्जेरावही आला. आणि सगळ्यांनी खड्ड्यात वाकून बघितलं तर आत, बांधलेल्या दोरीखाली, स्वरूपा मांडी घालून बसलेली.

"मॅडम, बाहेर या," पुष्कर म्हणाला.

"नाही."

"हा काय तमाशा लावलाय? काँक्रीट फार वेळ थांबत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तर बसलेय. ओतायचं असेल तर माझ्यावर ओता. मोरी आणखी उंच होईल, एवढंच."

गवंड्यांतला एकजण हसला आणि पुष्करनं त्याच्याकडं बघितल्यावर गप्प झाला. सर्जेराव पुढं झाला. "बाई, तुमी आमच्याच भागातल्या. कामात असा खोडा घालणं बरं न्हाय. चार बोटांनी काय होतंय?"

झालं. दुसरं कुठलंही वाक्य तो बोलला असता तरी चाललं असतं. स्वरूपा खड्ड्यातच उभी राहिली. "काय होतंय?" ती ओरडली. "सांगवीला चला माझ्याबरोबर! माझ्या बापाच्या रानात पायतान काढून उभं राहा, मग सांगते काय होतंय ते. त्यांनी बी असंच इचारलं व्हतं. माझ्या बापानं हात जोडलं. मी न्हाय जोडणार!" संतापानं तिचा आवाज चिरकला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही ती थांबली नाही.

पलीकडं बाभळीखाली ठमाबाई काठी आडवी घेऊन बसली होती. रात्री कुणी येऊन देव खरवडेल या भीतीनं ती तांबडं फुटायच्या आधीच आली होती. एक खड्ड्यात अडून बसलेली, एक देवापाशी. ठमाबाईनं पोरीचा चिरकलेला आवाज ऐकला, आणि त्यातलं 'माझ्या बापाच्या रानात' एवढं तिच्या कानात बसलं. निमित्त शोधणारी बाई अशी रडत नाही, हे तिला कळलं. ती उठून खड्ड्याशी आली.

"काय हुतंय म्हणतीस चार बोटांनी? मला दाव. तोंडानं सांगू नगंस."

स्वरूपानं गवंड्याकडून पाण्याची नळी मागून घेतली. घर बांधताना ओळंबा जसा लागतो तशी ही नळी लागतेच. आरपार दिसणारी, लांबलचक. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीला उभं राहतं, मधे किती का अंतर असेना. पाणी ठमाबाईच्या कळशीतलं घेतलं, देवासाठी आणलेलं. एक टोक स्वरूपानं मोरीच्या दोरीला लावून धरलं. दुसरं टोक सावळारामनं नेलं ठमाबाईच्या रानातून ओढा येतो तिथं आणि ओढ्याच्या तळाशी उभं धरलं.

"आजी, मोरीचा तळ ह्या दोरीइतका येणार. आता तिकडं जाऊन बघा नळीतलं पाणी कुठं उभं हाय."

ठमाबाई ओढ्यात उतरली, कष्टानं वाकली. ओढ्याचा तळ आणि नळीतलं पाणी यांच्यामधे तिनं आपला हात घातला. चार बोटं बसली. नेमकी.

"म्हंजी माझ्या रानातलं पाणी एवढं चढल्याबिगर तुमच्या मोरीत जायचं न्हाय," ती हळूच म्हणाली. मग मागं वळून तिनं आपल्या उसाकडं बघितलं. सपाट रान, लांबवर पसरलेलं. चार बोटं पाणी त्यात किती दूरवर साचेल हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. उसाला पाणी देण्यात तिचा जन्म गेला होता.

"बघितलंत?" स्वरूपा पुष्करला म्हणाली.

पुष्कर अवघडला होता, पण त्याचंही काही चुकत नव्हतं. "मॅडम, ओढ्याचा तळ आज एक, उद्या दुसरा. गाळानं चढतो, पाण्यानं उतरतो. त्याच्या भरवशावर मी रेल्वेची मोरी बदलू शकत नाही. मला पक्की खूण लागते. दगड दाखवा."

सगळ्यांचे डोळे ठमाबाईकडं वळले. ती ओढ्यातून वर आली, कुणाशी काही न बोलता म्हसोबाकडं गेली आणि कमरेचं खुरपं काढलं.

"म्हातारे!" सर्जेराव धावला. "देवाला लोखंड लावशील? गावावर कोप हुईल!"

ठमाबाई गर्रकन वळली. "कोप झाला तर माझ्या एकटीवर हुईल. शेंदूर म्या लावलाय, म्याच काढीन. तुझ्या घरातनं कवा आवसंला वाटीभर त्याल तरी आलं का रं? आला मोठा गावाचा कैवारी! माझं रान बुडल्यावर तू येणार हायस व्हय पाणी उपसाया?"

सर्जेराव जागच्या जागी थांबला. ठमाबाई देवापुढं बसली, पदर पसरला. "देवा म्हसोबा, लई वरसं झाली तुला पांघरूण घालून. जड झालं आसंल. आज उतरवती. राग धरू नगंस, आन धरलास तरी माझा इलाज न्हाय. रान तुलाच राखाया दिलंया, त्ये बुडत आसताना तू डोळं झाकून बसशील तर कसं व्हायाचं?"

तिनं खुरप्याच्या दांड्यानं शेंदरावर हलकेच ठोकलं. एकदा, दोनदा. मग कडेनं पातं सरकवलं. आत कुठंतरी सुटल्याचा आवाज झाला आणि डोक्यावरचं अख्खं कवच टोपीसारखं तिच्या हातात आलं. आतून त्याचे पदर दिसत होते, एकावर एक, पातळ, जाड, कुठं गडद, कुठं फिके. ठमाबाईनं ते पदरात घेतलं आणि कडेवर हात लावला. तिची चार बोटं तिथंही नेमकी बसली. ते बघून सावळारामच्या तोंडून "अयाया" एवढंच निघालं.

खाली काळा दगड होता, वरून घासून सपाट केलेला. पुढच्या अंगाला एक शेंदराचा ढलपा निघाला आणि तिथं दगडात खोदलेल्या तीन रेघा उघड्या पडल्या, खाली पसरलेल्या, वर एका टोकाला मिळालेल्या. जुन्या मोजणीवाल्यांनी छिन्नीनं मारलेला उंचीचा बाण.

"तिरशूळ!" ठमाबाई ओरडली. "बघा रं, तिरशूळ हाय देवाच्या अंगावर!"

सावळाराम गुडघ्यावर बसला. गवंड्यांनी हात जोडले. सर्जेरावनंही जोडले. स्वरूपानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या बाणानं आज ठमाबाईचं रान राखलं होतं. त्याला त्रिशूळ म्हटलं म्हणून कुठली उंची बदलणार होती?

"पट्टी धरा," ती सावळारामला म्हणाली. आधी कालच्या खुंटीवर, मग उघड्या दगडावर. यंत्राला तिनं डोळा लावला नाही. बाजूला होऊन पुष्करला म्हणाली, "तुम्ही बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

पुष्कर वाकला. एक आकडा, दुसरा आकडा. त्यानं मनाशी वजाबाकी केली आणि पुन्हा एकदा बघितलं. मग उभा राहून मिक्सरवाल्याकडं गेला. "परत घेऊन जा." ड्रायव्हर काहीतरी कुरकुरला, तेव्हा तो जोरात म्हणाला, "माझ्या नावावर टाक, पण परत घेऊन जा!" आणि गवंड्यांना, "दोरी सोडा. चार बोटं खाली घ्या. मॅडम सांगतील तिथं बांधा." त्याचा चेहरा लाल झाला होता. स्वरूपासमोर येऊन तो एवढंच म्हणाला, "मेट्रोत आमच्या खुणांना कुणी शेंदूर लावत नव्हतं."

"इथं लावतात, सर. इथल्या रेल्वेला ते माहीत पाहिजे."

दोरी खाली आली. स्वरूपा बांधावर जाऊन बसली. तिनं सांगवीला फोन लावला.

"आबा, सायबापुढं हात जोडलं न्हाईत म्या."

आबांनी आधी विचारलं, "मोरी?"

"खाली घेतली. चार बोटं."

"बरं केलंस पोरी," आबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

पुढच्या आवसेला मोरी उभी होती. कवच ठमाबाईनं भीमेच्या पाण्यात सोडलं होतं, एक ढलपा मात्र घरात देव्हाऱ्यात ठेवून. स्वरूपा बांधावरून यंत्र घेऊन जात होती. म्हसोबापाशी आज गर्दी होती. त्रिशूळ निघाल्याची बातमी पंचक्रोशीत पसरली होती. सर्जेराव स्वतः वाटीभर तेल घेऊन आला होता. त्यानं सगळ्यांच्या पुढं होऊन शेंदराचा मोठा गोळा उचलला आणि देवाच्या डोक्यावर थापायला हात उंचावला.

ठमाबाईनं काठीनं तो हात खाली दाबला.

"अंगाला लाव. पायाला लाव. डोकं मोकळं ठेवायचं," ती म्हणाली. "दिसू दे देवाला, पाणी कुठनं जातंय."